हललं कोण? आजी की कॅमेरा?

*मिररलेस कॅमेऱ्यासाठी एकच चांगली झूम लेन्स घ्यायची आहे आणि दुकानदाराने समोर दोन ठेवल्या आहेत. मग निवड कशी करायची? भिलाईतल्या एका मराठी घरात रंगलेल्या वादाची ही हकिगत आणि त्यातून निघालेलं उत्तर.*

“मी नाही हलली बाई. तुझा कॅमेराच हलला असंल,” असं म्हणून आजींनी लॅपटॉपवरची नजर काढली आणि पुन्हा वाती वळायला घेतल्या.

या आजी म्हणजे भिलाईत दिलेल्या माझ्या थोरल्या बहिणीच्या सासूबाई. त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा घरच्या घरीच झाला होता. परातीत ८१ दिवे लावले, बैठकीतले सगळे ट्यूबलाइट बंद केले आणि लेकी-सुनांनी औक्षण केलं. फोटो काढायची जबाबदारी अर्थातच माझ्या भाचीकडे, कारण घरात मिररलेस कॅमेरा फक्त तिच्याकडे. दिव्यांची आरास सुरेख आली, पण आजींचा चेहरा एकाही फोटोत नीट उतरला नाही. जणू कुणी ओल्या चित्रावरून बोट फिरवावं, तसा तो पुसट झालेला.

घरातली गोष्ट म्हणून ती हसण्यावारी गेली असती. पण भाचीने इंजिनिअरिंगनंतर नोकरीच्या मागे न लागता फोटोग्राफीलाच पोटापाण्याचं साधन करायचं ठरवलंय. त्याच महिन्यात एका ओळखीच्या घरच्या हळदीचे संध्याकाळचे फोटो असेच पुसट आले आणि तिला निम्मे पैसे परत करावे लागले. भावोजी प्लांटमधून निवृत्त झालेले. त्यांनी शांतपणे सांगितलं, “एक मुदत ठेव मोडतो. चांगली लेन्स घे. पण एकदाच. वर्षाने येऊन दुसरी मागायची नाही.”

त्या ‘एकदाच’मुळे भाचीची झोप उडाली. मी चार दिवसांसाठी भिलाईला गेले, तेव्हा जेवणाच्या टेबलावर दोनच विषय होते. एक सिग्मा आणि दुसरा टॅमरॉन.

दोन दावेदार

दोन्ही कंपन्या जपानी आणि जुन्या. टॅमरॉनची मुळं १९५० सालची, तर सिग्मा १९६१ सालची. दोघींचं नाव झालं ते दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यांसाठी लेन्स बनवण्यामुळे.

भाचीच्या यादीतली पहिली लेन्स म्हणजे टॅमरॉन १७-७० एफ/२.८. ती २०२१ च्या सुरुवातीला बाजारात आली. दुसरी सिग्मा १८-५० एफ/२.८, ती त्याच वर्षी काही महिन्यांनी आली. दोन्ही लेन्स मध्यम आकाराच्या, म्हणजे एपीएस-सी सेन्सरच्या मिररलेस कॅमेऱ्यांसाठी आहेत. सोनी आणि फुजीफिल्म या दोन्ही कंपन्यांच्या कॅमेऱ्यांना बसतील अशा आवृत्त्या दोघींच्याही मिळतात. अमेरिकेत त्या बाजारात आल्या, तेव्हा टॅमरॉनची किंमत ७९९ डॉलर आणि सिग्माची ५४९ डॉलर होती. आपल्याकडे भाव वर-खाली होत असले, तरी टॅमरॉन महाग आणि सिग्मा स्वस्त हा क्रम कायम आहे.

आता हे आकडे काय सांगतात? १७, ५०, ७० हे आकडे मिलिमीटरमधले. आकडा लहान तर दृश्य रुंद, आकडा मोठा तर दूरचं जवळ. आणि एफ/२.८ म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडतं त्याचं माप. हा आकडा जितका लहान, तितकं भोक मोठं आणि प्रकाश जास्त. प्रकाश जास्त मिळाला की शटर चटकन मिटता येतं. म्हणून अशा लेन्सला फोटोग्राफर मंडळी ‘फास्ट’ म्हणतात. लेन्स स्वतः कुठे धावत नाही. ती फक्त शटरला धावू देते!

भाचीकडे सोनीचा झेडव्ही-ई१० हा कॅमेरा आहे. त्याच्याबरोबर आलेली लेन्स १६-५० मिलिमीटरची. ती पूर्ण झूम केली की तिचं तोंड एफ/५.६ पर्यंतच उघडतं. ५.६ आणि २.८ यांत दिसायला दुपटीचा फरक आहे, पण प्रकाशाच्या हिशेबात तो चौपट होतो. म्हणजे जिथे जुन्या लेन्सला सेकंदाचा तिसावा भाग शटर उघडं ठेवावं लागत होतं, तिथे एफ/२.८ च्या लेन्सला सेकंदाचा सव्वाशेवा भाग पुरतो. मात्र जुनी लेन्स रुंद टोकाला एफ/३.५ पर्यंत उघडत असल्यामुळे तिथे फायदा जेमतेम दीडपट. झूम वाढवत जावं, तसा हा फायदा वाढत जातो.

आजींच्या फोटोचा पंचनामा

“दोन्ही लेन्स एफ/२.८ असतील, तर स्वस्त आहे ती घेऊन मोकळी हो,” मी म्हटलं.

“मावशी, तसं नाही ना! टॅमरॉनमध्ये व्हीसी आहे, सिग्मात नाही.”

व्हीसी म्हणजे लेन्समधली कंपन-रोधक सोय. आपला हात नकळत थरथरतो. लेन्समधलं एक भिंग त्या थरथरीच्या उलट दिशेला सरकतं आणि चित्र जागच्या जागी धरून ठेवतं. काही महागड्या कॅमेऱ्यांमध्ये हीच सोय सेन्सरमध्ये असते. भाचीच्या कॅमेऱ्यात ती नाही. म्हणून तिचं मन टॅमरॉनकडे झुकलेलं. तिचा हिशेब साधा होता. फोटो हलतात, टॅमरॉन हलू देत नाही, म्हणजे टॅमरॉन घ्यायची.

इथेच मला आजींचं वाक्य आठवलं. हललं कोण? आजी की कॅमेरा?

आम्ही औक्षणाचा फोटो पुन्हा उघडला आणि पडदाभर मोठा करून पाहिला. आजींच्या मागच्या भिंतीवर त्यांच्या लग्नाचा काळा-पांढरा फोटो टांगलेला आहे आणि शेजारी दिनदर्शिका. लग्नाच्या फोटोची चौकट स्वच्छ दिसत होती. दिनदर्शिकेवरच्या तारखाही वाचता येत होत्या. पुसट होते ते आजींचा चेहरा आणि ओवाळणारे हात.

उत्तर मिळालं. कॅमेरा हलला असता तर भिंतही हलली असती. कॅमेरा स्थिर होता, कारण भाचीच्या जुन्या लेन्समध्येही कंपन-रोधक सोय आहे. हलल्या त्या आजी! नातीने काहीतरी चेष्टा केली आणि त्या खुदकन हसल्या, तेवढ्यात शटर पडलं.

हा फरक साधा वाटतो, पण सगळा निर्णय त्याच्याभोवतीच फिरतो. कंपन-रोधक सोय फोटोग्राफरचा हात सावरते, समोरच्या माणसाला थांबवत नाही. हसणारी आजी, दुडदुडणारं नातवंड, वरातीतला नाच या सगळ्यांना पकडायचं तर शटरचाच वेग लागतो. तो वेग प्रकाशातून येतो आणि प्रकाश दोन्ही लेन्स सारखाच देतात.

मग आम्ही हळदीचे फोटो तपासले. तिथेही तेच. मांडवाचे खांब ठाकठीक आणि हळद लावणारे हात पुसट.

वाचकहो, तुमच्याकडेही असे बिघडलेले फोटो असतील. ते पुसून टाकू नका. नवी लेन्स घ्यायच्या आधी पहिला सल्ला त्यांचाच घ्या. सगळंच पुसट असेल तर हात हलला. भिंत स्पष्ट आणि माणूस पुसट असेल तर माणूस हलला. आणि मागची भिंत स्पष्ट असून माणूस नुसता मऊ-मऊ दिसत असेल, हालचालीची रेघ नसेल, तर फोकस चुकला. त्या तिसऱ्या दुखण्यावर औषध म्हणून लेन्स विकत घेण्यात अर्थ नाही.

पन्नास की सत्तर?

तरीही टॅमरॉनचा हुकमाचा पत्ता शिल्लक होताच. सिग्मा ५० मिलिमीटरला थांबते, टॅमरॉन ७० पर्यंत जाते. आणि भिलाईत या वीस मिलिमीटरला फार मोठं आकर्षण आहे. त्याचं नाव पंडवानी.

भिलाई म्हटलं की आपल्याला पोलादच आठवतं. सोव्हिएत रशियाबरोबर १९५५ साली करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं आणि माळरानावर सेक्टरांचं शहर उभं राहिलं. करार झाला तेव्हा हा दुर्ग जिल्हा ज्या राज्यात होता, त्याची राजधानी नागपूर होती. त्यामुळे इथे मराठी बोलणं कानावर पडलं तर नवल नाही. पण या शहराच्या आसपासच्या मातीत पोलादाच्या कितीतरी आधीपासून महाभारताची गाणी आहेत. पंडवानी जगभर नेणाऱ्या तीजनबाई याच परिसरातल्या गनियारी गावच्या. भिलाईच्या प्लांटमध्ये त्यांनी नोकरीही केली आणि २०१९ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं.

पंडवानीच्या दोन शैली आहेत. वेदमतीत कलावंत बसून गातो, तर कापालिकात उभं राहून, रंगमंचभर फिरून, अभिनयासह कथा सांगतो. हातातला तंबुरा क्षणात भीमाची गदा होतो, क्षणात अर्जुनाचं धनुष्य. ज्याच्या हातात कॅमेरा आहे, त्याला तो क्षण टिपावासा वाटणारच. भाचीलाही वाटतं. तिने एका कार्यक्रमाचे काढलेले फोटो मला दाखवले. त्यात रंगमंच पुरता आलेला आणि गायिका मधोमध अंगठ्याएवढी.

“म्हणून ७० हवं,” ती म्हणाली.

आम्ही कागद-पेन्सिल घेतली. ७० मिलिमीटरने सात मीटरवरून जेवढं दिसतं, तेवढंच ५० मिलिमीटरने पाच मीटरवरून दिसतं. म्हणजे फरक दोन मीटरचा, सभागृहातल्या दोनेक रांगांचा. आणि पुढे सरकता आलं नाही तर? ५० ने काढलेला फोटो कडा कापून ७० एवढा करता येतो. त्यात चित्राचा जवळपास अर्धा भाग जातो. भाचीचा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा आहे, म्हणजे उरतात साधारण १२. अल्बमच्या पानाला ते पुरतात. मोठं पोस्टर करायचं तर कमी पडतात.

उलट बाजूही खरी आहे. भाची बसली होती बाराव्या रांगेत. तिथून ७० सुद्धा अपुरं पडतं. तिथे २०० पर्यंत जाणारी वेगळीच लेन्स लागते. ७० ला ‘दूरची लेन्स’ समजून घेणारे पुढे निराश होतात ते यामुळेच. ती दूरची लेन्स नव्हे. ती जवळचीच, पण हात थोडा लांब असलेली लेन्स आहे.

जुने फोटो काय म्हणतात?

मग भाचीने एक शहाणपणाचं काम केलं. गेल्या वर्षभरात लोकांनी अल्बमसाठी निवडलेले फोटो तिने एका फोल्डरमध्ये काढले. डिजिटल फोटोच्या माहितीत तो किती मिलिमीटरवर काढला, शटर किती होतं, हे सगळं नोंदलेलं असतं. संगणक ते दाखवतोच.

बारसं, डोहाळजेवण, हळद, मुंज, वाढदिवस. निम्म्याहून जास्त फोटो ३५ मिलिमीटरच्या आतले निघाले! कारण उघड आहे. ही सगळी कार्यं घरात किंवा छोट्या सभागृहात होतात आणि भाची माणसांच्या गराड्यात उभी असते. मागे सरकायला भिंत आडवी येते.

यात एक मेख आहे, तीही सांगायला हवी. जिची लेन्सच ५० ला संपते, तिचे फोटो ५० च्या पुढचे असणार तरी कसे? म्हणून पाहायचं ते हे, की किती फोटो अगदी ५० वर अडकले आहेत आणि त्यातले किती नंतर कापावे लागले. भाचीचे तसे फोटो थोडेच निघाले आणि ते बहुतेक रंगमंचाचे. म्हणजे ७० ची हौस होती, पण पोट भरत होतं ते ३५ च्या आत.

वजन, धूळ आणि व्हिडिओ

बाकीचे मुद्देही आम्ही एकेक करून मांडले. सिग्माचं वजन सुमारे २९० ग्रॅम, टॅमरॉनचं ५२५. भाचीचा कॅमेराच बॅटरीसकट ३४३ ग्रॅमचा. त्याला टॅमरॉन लावली की कॅमेऱ्यापेक्षा लेन्स जड. लग्नात सकाळी सहा ते रात्री अकरा उभं राहणाऱ्या मुलीच्या मनगटाला हा फरक जाणवणारच. लांबी पाहिली तर सिग्मा साडेसात सेंटिमीटरच्या आसपास आणि टॅमरॉन बारा. टॅमरॉन उगीच मोठी नाही. ७० मिलिमीटरला एफ/२.८ द्यायचं तर २५ मिलिमीटरचं भोक लागतं, ५० ला १८ पुरतात. लांब हाताची किंमत वजनात मोजावी लागते.

सिग्मा रुंद टोकाला सुमारे १२ सेंटिमीटरवरच्या वस्तूवरही फोकस करते, टॅमरॉन १९ वर. हे अंतर सेन्सरपासूनचं. अंगठी, मेंदी, रुखवतातली कलाकुसर यांसाठी सिग्मा मोलाची. मात्र इतक्या जवळ गेलं की लेन्सची सावली वस्तूवर पडते, हे ध्यानात ठेवावं.

दुसरीकडे, धूळ-पाण्यापासून टॅमरॉन जास्त जपलेली आहे. सिग्मात ती काळजी फक्त कॅमेऱ्याला जोडणाऱ्या कडेपाशी घेतली आहे. आणि हातात धरून व्हिडिओ काढायचा असेल तर टॅमरॉनचा व्हीसी उपयोगी पडतो. सिग्मा लावली की भाचीला जुन्या लेन्समधली कंपन-रोधक सोयही गमवावी लागणार होती. कॅमेऱ्यात व्हिडिओसाठी इलेक्ट्रॉनिक सोय आहे, पण ती दृश्याच्या कडा कापते.

परीक्षेचा दिवस

एवढं करूनही ठेव मोडायची तर डोळ्यांनी पाहिलेलं बरं. म्हणून भाचीने रायपूरहून दोन्ही लेन्स एका दिवसाच्या भाड्याने आणल्या. बैठकीतले दिवे बंद केले. परातीत पुन्हा दिवे लावले, ८१ नाही, पण बरेच. आजी पाटावर बसल्या.

आधी नुसत्या भिंतीचा फोटो, ५० मिलिमीटरवर, शटर सेकंदाच्या पंधराव्या भागावर. टॅमरॉनने दिनदर्शिकेची तारीख न् तारीख वाचून दाखवली. सिग्माच्या फोटोत तारखा दुहेरी झाल्या. टॅमरॉनला पैकीच्या पैकी गुण!

मग आजींना ओवाळलं, शटर तेवढंच ठेवून. दोन्ही लेन्सच्या फोटोंत भिंतीचं काहीही झालेलं असो, आजी मात्र दोन्हींत पुसट. शेवटी शटर सेकंदाच्या सव्वाशेव्या भागावर आणलं. दोन्ही फोटोंत आजी स्पष्ट. पापण्यांसकट.

आजींनी दोन्ही फोटो निरखून पाहिले. “यातला महागाचा कोणता?” त्यांनी विचारलं. आम्हालाही नाव पाहिल्याशिवाय सांगता येईना.

भाचीने सिग्मा घेतली. वाचलेल्या पैशांत दोन जादा बॅटऱ्या आल्या आणि उरलेले भावोजींच्या खात्यात परत गेले. रंगमंचाचं मोठं काम आलं की लांबची लेन्स एका दिवसासाठी भाड्याने आणायची, हेही ठरलं.

याचा अर्थ सिग्मा सरस आणि टॅमरॉन कमी, असा मुळीच नाही. भाची व्हिडिओवरच पोट भरणारी असती, किंवा सभागृहाच्या तिसऱ्या-चौथ्या रांगेतून नाच-नाटकं टिपणारी असती, तर मीच तिला टॅमरॉन घ्यायला सांगितलं असतं. प्रवासात एकच लेन्स न्यायची असेल, संध्याकाळी देवळं आणि वास्तू हातात कॅमेरा धरूनच काढायच्या असतील, तर तिथे समोरचं काही हलत नाही. हलतो तो आपला हात. अशा वेळी व्हीसी पैसे वसूल करून देतो.

दुकानात जाण्यापूर्वी

तुमच्या कॅमेऱ्याची लेन्स बसवण्याची खाच, म्हणजे माउंट, कोणता आहे ते आधी लिहून घ्या. सोनीची लेन्स फुजीला बसत नाही आणि डबा फोडल्यावर ती बदलून मिळेलच असं नाही. तुमच्या कॅमेऱ्यातच कंपन-रोधक सोय आहे का ते पाहा. असेल तर सिग्माची मोठी उणीव तिथेच भरून निघते. फिल्टर घ्यायचे असतील तर सिग्माला ५५ मिलिमीटरचे आणि टॅमरॉनला ६७ चे लागतात. बिल आणि वॉरंटी कार्ड जपून ठेवा. पावसाळ्यात लेन्स कपाटात कोंडून ठेवू नका. बुरशीला अंधार आणि ओल दोन्ही आवडतात.

आणि एक महत्त्वाचं. एफ/२.८ मिळालं म्हणून प्रत्येक फोटो एफ/२.८ वर काढू नका. दोन रांगांतला कुटुंबाचा फोटो त्यावर काढलात, तर पुढचे काका स्पष्ट आणि मागच्या काकू पुसट येतील. मग त्या विचारणारच. अशा वेळी प्रकाश पुरेसा असेल तर एफ/५.६ बरं.

निघायच्या दिवशी भाचीने परीक्षेच्या दिवशीचा तो फोटो छापून आजींच्या हातात दिला. आजी दिव्यांच्या उजेडात हसताहेत आणि मागे भिंतीवर त्यांचाच तरुणपणीचा लग्नातला फोटो. त्यांनी तो बराच वेळ डोळ्यांसमोर धरला. मग हळूच म्हणाल्या, “म्हणजे तेव्हा मीच हलली होती तर!”